अर्क घरात आहे, वर्गात का नाही?

विज्ञानाचे सर रजेवर होते, म्हणून त्यांचा एक तास माझ्याकडे आला. मी भाषा शिकवते. पाठ मिश्रणातले घटक वेगळे करण्याचा होता. मुलं उर्दू माध्यमाची, घरी दखनी बोलणारी. त्यांना ‘इस्तिखराज’ पाठ होतं, मराठीतलं ‘निष्कर्षण’ही पाठ होतं. अर्थ विचारला तर वर्ग गप्प. मी म्हटलं, “चहा करता ना? पाण्यानं पत्तीतला रंग आणि चव ओढून घेतली. तसाच अर्क काढायचा.” एक मुलगी लगेच म्हणाली, “टीचर, मग चोथा फेकायचाच असतो का?”

मला उत्तर आलं नाही. घरी येऊन वाचलं, तेव्हा कळलं की प्रश्न अगदी मुद्द्याचा होता.

सोयाबीनच्या तेल कारखान्यात हेक्झेन नावाचा द्रावक वापरतात. दाण्यात साधारण 18 ते 20 टक्के तेल असतं. हेक्झेन ते जवळजवळ सगळं काढून घेतो. पण उरलेली पेंडही फेकत नाहीत, ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते.

रबराच्या बाबतीत तर चोथ्यालाच महत्त्व. कच्चं रबर टोल्युइनमध्ये हळूहळू विरघळतं, कारण त्यातल्या लांब साखळ्या सुट्या असतात. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये रबर गंधकाबरोबर तापवलं आणि ते टिकाऊ झालं. गंधकाने साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, त्यांचं जाळं होतं. असं रबर द्रावकात फुगतं, पण विरघळत नाही. पॉलिमरवर संशोधन करणारे हेच तपासतात. नमुना वजन करून सॉक्सलेटच्या उपकरणात ठेवायचा. हे उपकरण 1879 मध्ये दुधातली चरबी मोजण्यासाठी पुढे आलं. त्यात द्रावकाची वाफ थंड होऊन नमुन्यावर पुन्हा पुन्हा ठिबकते आणि सुटं असेल ते धुऊन नेते. उरलेलं वाळवून पुन्हा वजन करायचं. 10 ग्रॅममधले 7 उरले, तर जाळं 70 टक्के. गरम पाण्याचे पेक्स पाइप उकळत्या झायलिनमध्ये अशाच रीतीने तपासतात. प्रकारानुसार किमान 60 ते 70 टक्के भाग उरावा लागतो.

यातलं काय मुलांना अवघड आहे? जाळं, साखळी, चोथा, फुगणं, सगळे शब्द घरातले. ‘अर्क’ तर मूळचा अरबी, अर्थ घाम. तो उर्दूत आहे आणि मराठीतही. अम्मीच्या कपाटात अर्क-ए-गुलाबची बाटली असते, शेजारच्या काकूंकडे ओव्याचा अर्क.

कोणी म्हणेल, हे अर्क वाफेने काढतात, द्रावकाने नाही. बरोबर आहे, आणि हा फरकही वर्गात सांगावा. पारिभाषिक शब्दांना माझा विरोध नाही. परीक्षेला ते लागतात, पुढे इंग्रजीही लागते. पण ते दुसऱ्या दिवशी यावेत. पहिल्या दिवशी अवघड शब्द फळ्यावर आला की मूल तो पाठ करतं आणि विचारायचं थांबतं. आपल्या मुलांना विज्ञान झेपत नाही, असं आपल्याच शिक्षकांच्या खोलीत मी ऐकलं आहे. त्या मुलीचा प्रश्न ऐकल्यावर मला ते मान्य नाही.

पुढच्या तासाला मी तिला उभं करून सांगितलं, “चोथा फेकायचा नाही, वजन करायचं.” मग वर्गाने सॉक्सलेटचं चित्र काढलं. त्याखाली प्रत्येकाने आपल्या शब्दांत दोन ओळी लिहिल्या, आणि त्या बहुतेक बरोबर होत्या.