पोर्ट सारखाच, मग मॉनिटर 'नो सिग्नल' का म्हणतो?

नवीन मॉनिटर घेतला. ऑनलाइन सेलमध्ये बऱ्या किमतीत टाइप-सी डॉकही मिळाला. डॉक लॅपटॉपला लावला तर माउस चालतोय, पेनड्राइव्ह दिसतोय, लॅपटॉप चार्जसुद्धा होतोय. मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. मग केबल काढा-घाला, रीस्टार्ट, ड्रायव्हर अपडेट, यूट्यूबवरचे चार व्हिडिओ, आणि शेवटी 'डॉकच खराब आहे' म्हणून रिटर्न. बऱ्याच वेळा डॉक खराब नसतोच. लॅपटॉपच्या त्या पोर्टमधून व्हिडिओ बाहेर काढायची सोयच कंपनीने दिलेली नसते.

हा विषय आत्ताच काढायचं कारण म्हणजे युरोपियन युनियनचा कॉमन चार्जर नियम. फोन, टॅबलेट, हेडफोन वगैरेंसाठी तो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला आणि लॅपटॉपसाठीची तारीख २८ एप्रिल २०२६. युरोपसाठी वेगळं आणि भारतासाठी वेगळं मॉडेल बनवणं कंपन्यांना परवडत नाही, त्यामुळे या नियमाचा परिणाम आपल्याकडेही दिसतो. आयफोनचंच बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ आला आणि लाइटनिंग पोर्ट जाऊन टाइप-सी आला, तो जगभर.

बातम्यांच्या मथळ्यात हे सगळं 'आता सगळ्याला एकच पोर्ट' असं येतं. ऐकणाऱ्याचा समज होतो की एकच केबल आता सगळं काम करेल. नियम मात्र फक्त चार्जिंगबद्दल बोलतो. पोर्टचा आकार टाइप-सी हवा, वेगाने चार्ज होणाऱ्या वस्तूने यूएसबी पॉवर डिलिव्हरी ही पद्धत पाळायला हवी आणि किती वॅट लागतात ते बॉक्सवर छापायला हवं. त्या पोर्टमधून मॉनिटर चालेल की नाही, डेटा किती वेगाने जाईल, याबद्दल बॉक्सवरच्या त्या लेबलमध्ये एक अक्षर नाही.

आता थोडं पोर्टच्या आत डोकावू. टाइप-सीमध्ये २४ पिन असतात. त्यातल्या काही वीज नेतात, काही जुन्या यूएसबी २.० चा डेटा नेतात, आणि खूप जास्त वेगासाठी चार वेगळ्या लेन असतात. मॉनिटरचा सिग्नल या चार लेनमधून जातो. या पद्धतीला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात आणि ती २०१४ मध्येच जाहीर झाली होती. पण ती ऐच्छिक आहे. लॅपटॉप बनवणाऱ्याने ग्राफिक्स चिपपासून त्या पोर्टपर्यंत जोडणी दिली तरच व्हिडिओ येणार. स्वस्त लॅपटॉपमध्ये अनेकदा तिथेच पैसे वाचवले जातात. बाहेरून बघून काहीही कळत नाही, भोक तेच असतं.

दुसरा घोळ केबलचा. फोनच्या बॉक्समध्ये येणारी टाइप-सी ते टाइप-सी केबल सहसा फक्त चार्जिंग आणि यूएसबी २.० पुरती असते, तिच्यात त्या वेगवान लेनच्या तारा नसतात. ती मॉनिटरला लावली तर मॉनिटर उलट लॅपटॉपला चार्ज करेल, पण चित्र येणार नाही. केबलवर '२४० वॅट' लिहिलंय म्हणजे ती भारी आहे असं धरून चालू नका. तो आकडा विजेचा आहे, व्हिडिओचा नाही.

तिसरी तक्रार जरा वेगळी असते: चित्र येतं, पण माउस ओढल्यासारखा वाटतो, स्क्रोल करताना झटके बसतात. मॉनिटर ४के असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा, ३० हर्ट्झ दिसण्याची शक्यता मोठी आहे. डॉकला वेगवान यूएसबी पोर्टही चालवायचे असतात, म्हणून तो चारपैकी दोन लेन डेटाला देतो आणि दोन व्हिडिओला. जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ च्या हिशोबात दोन लेनमधून ४के ३० हर्ट्झच निघतं. लॅपटॉप आणि डॉक दोन्ही १.४ वाले असतील तर ६० निघू शकतं. डॉकच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात '४के' असतं, हर्ट्झचा आकडा शोधावा लागतो. माझ्या मते ही सरळ लपवाछपवी आहे.

मॅकबुकवाल्यांची अडचण अजून निराळी. एम१ आणि एम२ मॅकबुक एअर एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात. एम३ मध्ये दोन चालतात, पण झाकण बंद ठेवून. एम४ पासून झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. साध्या डॉकला दोन एचडीएमआय पोर्ट असले तरी मॅकवर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसतं, कारण एका सिग्नलमधून दोन वेगळे डेस्कटॉप काढायची पद्धत मॅकओएसमध्ये नाही. तोच डॉक मित्राच्या विंडोज लॅपटॉपवर नीट चालतो आणि आपण डोकं धरून बसतो.

ऑल्ट मोड नसलेल्या लॅपटॉपसाठी डिस्प्लेलिंक चिपवाले डॉक मिळतात. ते चित्र दाबून साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतात. ड्रायव्हर टाकावा लागतो, प्रोसेसरवर भार येतो आणि संरक्षित सिनेमे-सिरीज काळ्या दिसू शकतात. वर्ड, एक्सेल, कोडिंगला चालून जातं. गेमिंगसाठी मात्र नको. आणि तुमच्या लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असेल व मॉनिटर एकच लावायचा असेल तर डॉकच्या भानगडीत पडताच कशाला? साधी एचडीएमआय केबल पुरते.

यात कोणी काही करतंय का? लॅपटॉपपुरतं हो. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये सांगितलं की विंडोज ११ चं सर्टिफिकेशन घेणाऱ्या नव्या लॅपटॉप आणि टॅबलेटमध्ये टाइप-सी पोर्ट असेल तर त्यातून चार्जिंग, डेटा आणि किमान एक डिस्प्ले चाललाच पाहिजे. ४० जीबीपीएसवाल्या यूएसबी४ पोर्टमधून ४के चे दोन मॉनिटर चालले पाहिजेत. म्हणजे सरकारी नियमाने आकार ठरवला, पण पोर्टने काय काम करायचं ते एका कंपनीने ठरवलं. आज हातात असलेल्या जुन्या किंवा सेकंडहँड लॅपटॉपला याचा काही फायदा नाही.

फोनचं चित्र तर अजूनच विस्कळीत आहे. सॅमसंगने २०१७ मध्ये गॅलेक्सी एस८ सोबत डेक्स आणलं, फोन मॉनिटरला लावा आणि कॉम्प्युटरसारखा वापरा. पण स्वस्त मॉडेलपर्यंत ते फारसं उतरलं नाही. पिक्सेल ८ मालिकेत मॉनिटरची सोय जून २०२४ च्या अपडेटने सुरू झाली. साध्या आयफोन १५ चा डेटा वेग यूएसबी २.० चाच, पण मॉनिटरवर तो ४के ६० हर्ट्झ दाखवतो! गूगलने २०२५ मध्ये अँड्रॉइडसाठी सॅमसंगसोबत डेस्कटॉप मोडवर काम करत असल्याचं सांगितलं, पण पोर्टमध्ये सोय नसलेल्या बजेट फोनला सॉफ्टवेअर अपडेटने ती मिळत नाही. ज्याच्याकडे लॅपटॉप घ्यायला पैसे नाहीत त्यालाच फोनवर मॉनिटर लावायची जास्त गरज, आणि नेमक्या त्याच्याच फोनमध्ये हे नसतं.

भारतात बीआयएसने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचं मानक जाहीर केलं. आपल्याकडे चार्जरचा नियम करताना नुसती युरोपची नक्कल नको. वॅटच्या आकड्याशेजारी आणखी दोन ओळी छापायला लावा: डिस्प्ले चालतो की नाही, आणि डेटाचा वेग किती. विक्रीच्या वेबसाइटवर 'यूएसबी टाइप-सी: आहे' एवढंच लिहून ग्राहकाला अंधारात ठेवता येणार नाही. कंपनीला ही माहिती असतेच, छापायला वेगळा खर्च नाही.

तोपर्यंत डॉकवर पैसे टाकण्याआधी पोर्टशेजारचं चिन्ह बघा. विजेचा बाण म्हणजे थंडरबोल्ट, 'डी'च्या आत 'पी' म्हणजे डिस्प्लेपोर्ट. दोन्हीत मॉनिटर चालतो. नुसतं बॅटरीचं चिन्ह असेल किंवा काहीच नसेल तर कंपनीच्या साइटवर अचूक मॉडेल नंबर टाकून 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द शोधा, विक्रेत्याच्या पानावर विसंबू नका. डॉक आधीच घेतला असेल तर रिटर्न करण्यापूर्वी लॅपटॉपचे सगळे टाइप-सी पोर्ट एकेक करून वापरून बघा (दोनपैकी एकातच व्हिडिओ, असंही असतं), डॉकला चार्जर जोडा, मॉनिटरच्या मेनूत इनपुट एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट ते तपासा आणि विंडोज बटण व पी एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडा.