राजधानीची वाट, सूर्यास्ताच्या हिशेबाने

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला, की महाड-पोलादपूरच्या व्यापारी कुटुंबांत प्रवासाचे बेत सुरू होतात. दिल्लीचे नाव निघते. चांदनी चौकातील लाल मंदिर, तेथील पक्ष्यांचे रुग्णालय, समोरचा लाल किल्ला अशी यादी महिनाभर आधी तयार होते. गाडीची आरक्षणे होतात, आजीच्या पथ्याचाही विचार होतो. महाडपासून पंचवीसेक किलोमीटरवर असलेली राजधानी मात्र त्या यादीत नसते. रायगड म्हणजे पाहुणे आले की घाईने दाखवून आणायची जागा. मग दुकानातील चार कामे उरकून अकराला निघणे, रोपवेची रांग, भर उन्हातील पायपीट आणि सायंकाळी ज्येष्ठांच्या चौविहाराची ओढाताण ठरलेली.

या सहलीचा हिशेब सूर्यास्तापासून मागे करावा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. घरीच नवकारशी करून निघण्याचा आग्रह धरला तर आठ वाजून जातात. त्यापेक्षा सूर्योदयालाच गाडी काढावी. नाते गाव मागे टाकून पाचाडला पोहोचेपर्यंत ४८ मिनिटांचा काळ जवळजवळ पुरा होतो. खाखरे, थेपले, कंदमूळविरहित सुकी भाजी तेथेच सोडावी. पहाटे उकळून गार केलेल्या पाण्याची हिवाळ्यातील मर्यादा चार प्रहरांची, म्हणजे ते दिवसभर पुरते. फक्त भांडी पुरेशी घ्यावीत. हे काम मुलांवर सोपवू नये.

पाचाड केवळ न्याहारीपुरते नाही. येथे जिजाऊसाहेबांचा वाडा आणि समाधी आहे. गडावरची हवा त्यांना मानवेना, म्हणून महाराजांनी हा वाडा खाली बांधविला, असे परंपरा सांगते. घरातील वडीलधाऱ्यांची सोय पाहून राजधानीची मांडणी बदलली गेली; मग सहलीची का बदलू नये? ज्यांना गड झेपणार नाही त्यांच्यासाठी सपाटीवरचे पाचाडही मोठे दर्शन आहे.

पायऱ्या दीड हजारांच्या आसपास आहेत. तरुणांनी त्या जरूर चढाव्यात. ज्येष्ठांसाठी १९९६ पासून रोपवे आहे, आणि त्याची परतीची वेळ सकाळीच विचारून ठेवावी, कारण दिवस बिघडतो तो उतरणीच्या रांगेत. शनिवार-रविवार आणि राज्याभिषेकाचे दिवस वृद्धांसह टाळलेले बरे. दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीचा वार मधला असेल तर उत्तमच.

वर गेल्यावर सारेच पाहण्याचा अट्टहास नको. राजसभा आणि नगारखाना पाहून होळीच्या माळावर आले की समोर बाजारपेठ लागते. व्यापारी कुटुंबाने निवांत बसावे ते येथे. मध्ये सुमारे ४० फूट रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना बावीस-बावीस दुकानांची रांग, उंच जोती. घोड्यावर बसूनच खरेदी होत असे, ही कथा मार्गदर्शक हमखास सांगतो. मुलांनी ऐकावी, पण एखाद्या जोत्यावर चढून पुढची जागा आणि मागची खोली स्वतः मोजूनही पाहावी. दुकान पुढे, माल मागे, ही रचना त्यांना घरची वाटेल.

१६७४ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन पाचाडला येऊन थांबला होता. महाराज तेव्हा भवानीच्या दर्शनास प्रतापगडावर, म्हणजे पोलादपूरच्या बाजूला गेले होते. पुढे तहाची बोलणी झाली. व्यापारावर अडीच टक्के जकात ठरली. कंपनीची नाणी स्वराज्यात चालावीत, या मागणीवर मिळालेले उत्तर आजच्या गल्लीवरच्या माणसालाही पटेल: नाणे कसाला आणि वजनाला खरे असेल तर बंदी नाही, पण रयतेने तोटा सोसून ते घ्यावे अशी सक्ती होणार नाही. जॉन फ्रायरच्या प्रवासवृत्तात आणखी एक गंमत आहे. या मंडळींचे खिचडीवर भागेना, म्हणून त्यांना मांस पुरवावे लागले. तेव्हा एक म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून त्यांना पाहावयास आला. आजवर कित्येक वर्षांत जेवढे विकले नव्हते तेवढे या थोड्या दिवसांत यांनी खाल्ले कसे, याचे त्याला नवल वाटले!

जगदीश्वराचे मंदिर आणि महाराजांची समाधी येथून पुढे आहे. जाऊन येण्यास तासाहून अधिक वेळ धरावा. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी पेठेतच सावली पाहून थांबावे, सोबतीला एक मोठे माणूस ठेवावे. जमेल त्यांनी मंदिराच्या पायरीवरील हिरोजी इंदुलकरांचा शिलालेख पाहिल्यावाचून परतू नये. सारा गड बांधणाऱ्याने स्वतःच्या नावासाठी निवडलेली ती जागा आहे.

तीनला माघारी वळावे, साडेतीनला उतरणीची रांग धरावी. पाचला पाचाडला डबे उघडले तर महाडकरांना घाई नाही. पोलादपूरकरांना मात्र महाडपुढे आणखी वीसेक किलोमीटर जायचे असते; घरी पोहोचेपर्यंत अंधार होणारच, म्हणून त्यांचे जेवण आणि शेवटचे पाणी पाचाडलाच आटोपलेले असावे.