मुगाची शेंग थांबत नाही

शिरपूर तालुक्यात आपल्यापैकी काहींची दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, तर कित्येक घरांतल्या मायबहिणी दुसऱ्याच्या शेतात शेंगा तोडायला जातात. मुगाची तोडणी केव्हा करावी, हा प्रश्न या दोघांच्याही पोटाशी निगडित आहे.

जूनअखेर पेरलेला मूग साधारण साठ-पासष्ट दिवसांत हाती येतो. म्हणजे ऐन भाद्रपदात, पाऊस पुरता उघडलेला नसताना. त्यात मुगाचा स्वभाव असा, की सगळ्या शेंगा एकदम पिकत नाहीत. एकाच झाडावर खाली काळी वाळलेली शेंग, मध्ये हिरवी आणि शेंड्यावर फूल. सगळ्या शेंगा पिकण्याची वाट पाहिली, तर आधी पिकलेली शेंग दुपारच्या उन्हात तडकते आणि दाणे मातीत जातात. वरून झड लागली तर शेंगेतच दाण्याला कोंब फुटतो, दाणा डागी होतो. उलट घाईने हिरवी शेंग तोडली, तर दाणा वाळल्यावर सुरकुततो आणि वजन घटते.

म्हणून शंभरातल्या पंचाहत्तर शेंगा वाळल्या की पहिली तोडणी करावी, राहिलेल्या शेंगा आठ-दहा दिवसांनी तोडाव्यात, असे कृषी विद्यापीठे सांगतात. उडदाचे तसे नाही. त्याच्या बहुतेक शेंगा काळ्या पडल्या की झाड कापून खळ्यावर आणतात.

हे बहुतेकांना ठाऊक आहे. तरी मूग वाया जातो, तो मजुरीच्या हिशेबामुळे. रोजाने बाया लावायच्या तर दोनदा पैसे जातात, म्हणून मालक 'एकदमच तोडू' म्हणतो. समजा, एकरी तीन क्विंटल मूग आहे आणि उशिरामुळे त्याचा दहावा हिस्सा मातीत गेला. म्हणजे तीस किलो. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,७६८ रुपये होता. त्या हिशेबाने सुमारे २,६३० रुपये मातीत गेले. एका तोडणीची मजुरी वाचवताना किती गमावले, ते ज्याने त्याने पाहावे.

मजुरी किलोवर ठरली, तर पाटी लवकर भरावी म्हणून हिरवी शेंगही ओढली जाते. यात त्या माउलीचा दोष नाही. तिचा दिवस वजनावर मोजला, तर ती वजनच पाहणार. पहिल्या तोडणीला रोज ठरवावा आणि 'फक्त वाळलेली शेंग घ्या' असे आधीच सांगावे. ज्यांना मजुरी परवडत नाही, त्यांनी चार घरे मिळून सावड करावी. आज तुमचे शेत, उद्या आमचे.

तोडणी सकाळी लवकर करावी. दवाने शेंग नरम असते, तडकत नाही. तोडलेल्या शेंगांचा ढीग घालू नये. ओल्या शेंगा आतून तापतात आणि दाणा काळवंडतो. पाऊस असेल तर घराच्या पडवीत का होईना, पातळ पसराव्यात.

मळणीनंतर चार-पाच दिवस कडक ऊन द्यावे. दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे. हमीभावाच्या सरकारी खरेदीत मुगात १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. १६ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल मूग १२ टक्क्यांवर आणला, की साडेपंचाण्णव किलोच्या आसपास भरतो. ही घट पाण्याची आहे, दाण्याची नव्हे. पण ओला माल नेला तर भाव पडतो किंवा गाडी परत येते, तेव्हा भाड्याचा भुर्दंड आपल्यालाच. घरच्या वरणासाठी ठेवायचा मूगही असाच वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरावा. ओलसर दाण्याला भुंगा लवकर लागतो.

आणखी एक गोष्ट. आपल्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत मुगामागे दादर ज्वारी पेरतात. ती जमिनीतल्या ओलीवरच येते. मुगाचे शेत रिकामे व्हायला उशीर झाला, की ओल उडते आणि भाकरीचे पीकही मागे पडते.

तेव्हा यंदा पेरणीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पंचावन्नाव्या दिवसापासून रोज सकाळी शेतात फेरी मारा, दहा-वीस झाडांच्या शेंगा मोजा. तोडणीच्या बायांना आठ दिवस आधी सांगा आणि त्यांची मजुरी त्याच संध्याकाळी हातावर ठेवा. मजुरी वेळेवर मिळाली, तर दुसऱ्या तोडणीलाही त्या तुमच्याच शेतात येतील.