चित्रफिती कालबाह्य होतील काय?

औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ती पाहण्यास डोळे आणि उजेड एवढेच पुरते. घरातल्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटचे तसे नाही. तिच्या फितीवर चित्र नसतेच. चुंबकीय कणांच्या रूपात त्याचे संकेत असतात. ते वाचायला यंत्र हवे, आणि जपानच्या फुनाई कंपनीने ते बनविणे २०१६ मध्ये थांबविले. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटर, तर ब्लू-रे तबकडीला ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर लागतो. तो मिळेनासा झाला, की धडधाकट तबकडीही मुकी!

म्हणून माझ्या मते हे सारे प्रकार व्यवहारातून जाणार. मग इंटरनेटवर विसंबावे काय? तिथला चित्रपट हक्कांची मुदत संपताच काढून घेतला जातो. आपल्या घरच्या लग्नाचे चित्रण तर तिथे नसतेच. माध्यम बदलेल, आतला ऐवज मात्र आपणच पुढच्या माध्यमात उतरवायचा असतो. फीत दमट हवेत खराब होते. तेव्हा पावसाळ्यापूर्वीच, चालू यंत्र शोधून, दोन प्रती करा आणि त्या दोन ठिकाणी ठेवा.