एक इंच पुरे

माझे मामू तरुणपणी रत्नागिरीकडून इंग्लंडला गेले आणि उभं आयुष्य त्यांनी तिथल्या एका लहानशा गॅरेजात काढलं. निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी एकच चैन केली : १९७६ची एमजीबी. दोन माणसांची, उघडी, काळ्या रबरी बंपरची. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा घरात या गाडीवरून वाद चालू होता. मामेभावाला ती तीन इंच खाली बसवायची होती, मामू एका इंचावर अडून बसले होते. दोघांनी मला पंच नेमलं. मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता विचारपूर्वक सांगतो, मामूंचं बरोबर आहे.

मुळात एक इंच तरी कशाला? त्यामागे एक गोष्ट आहे. एमजीबी १९६२ साली आली तेव्हा ती जमिनीलगतचीच गाडी होती. तिचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका. सत्तरच्या दशकात तिथे बंपर आणि दिव्यांच्या उंचीचे नवे नियम आले आणि त्या नियमांना ही गाडी ठेंगणी पडू लागली. नवा सांगाडा करण्याची कंपनीची ऐपत नव्हती. १९७५मध्ये तर कंपनीच सरकारला ताब्यात घ्यावी लागली. मग सोपा मार्ग निघाला. १९७४च्या अखेरीपासून अख्खी गाडी सुमारे एक इंच उचलली आणि पुढेमागे जड रबरी बंपर लावले. वजन वर गेलं, वळणावर गाडी कलू लागली. १९७७च्या मॉडेलपासून मागच्या बाजूलाही अँटी-रोल बार देऊन कंपनीने थोडी डागडुजी केली. तेव्हा मामूंच्या गाडीचा तो एक इंच कमी करणं म्हणजे ती जशी जन्मली तशी करणं होय.

मग तीन इंचांत बिघडतं काय? मामूंनी मला गाडीखाली बसवून दाखवलं. पुढचं चाक वरखाली दोन आडव्या दांड्यांवर झुलतं. गाडी फार खाली आणली की या दांड्या चाकाच्या बाजूला वर चढतात. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू त्यामुळे झपाट्याने खाली जातो. तिचं वजन तितकं खाली जात नाही. दोन्हींतलं अंतर वाढलं की वळणावर गाडी आधीपेक्षा जास्त कलू शकते. दिसायला रेसची गाडी, वागायला होडी! स्टिअरिंगच्या दांडीचा आणि या दांड्यांचा कोनही जुळेनासा होतो. मग प्रत्येक खड्ड्यात, उंचवट्यावर चाक आपणहून थोडं वळतं. चालवणाऱ्याचे हात स्थिर असतात, गाडी मात्र सरळ जात नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे स्प्रिंग कापणं. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला तर ती साधारण १४ टक्के कडक होते. पण चाकाला वर यायला जी जागा लागते ती त्याहून कितीतरी जास्त कमी झालेली असते. थोडा धक्का बसला तरी खालची दांडी रबरी ठोकळ्यावर आदळते, आणि त्या क्षणी गाडीला स्प्रिंग नसल्यासारखंच होतं. गॅसच्या ज्योतीने कापली तर पोलादाचं पाणीही उतरतं.

मामेभावाच्या एका मित्राने अशाच कापलेल्या स्प्रिंगा बसवल्या होत्या. डाव्या वळणावर रस्त्याला उंचवटा आला, गाडीचं पुढचं अंग तळाला लागलं, चाकं घसरली आणि गाडी समोरून येणाऱ्यांच्या बाजूला गेली. अल्लाहची मेहेरबानी, समोरून कोणी येत नव्हतं.

मामेभाऊ म्हणतो, गाडी आमची आहे, बिघडली तर आमची बिघडेल. मला हेच पटत नाही. ब्रिटनमध्ये २०१८पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना दरवर्षीच्या एमओटी तपासणीतून सूट आहे. म्हणजे या गाडीखाली सरकारचा माणूस वाकून बघणार नाही. अशा वेळी मालकाची जबाबदारी वाढते. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला सारणं हा ईमानचा भाग असल्याचं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग आपलीच गाडी ती वस्तू होता कामा नये. समोरून सायकलवर येणाऱ्याचा जीव त्या रस्त्यापुरता आपल्याकडे अमानत असतो.

हे मराठीत लिहिण्याचं कारण आहे. आपल्या मोहल्ल्यांतही पोरं गाड्या खाली बसवतात. त्यांच्याकडे एमजीबी नसते, जुनी हॅचबॅक असते. पण "दोन वेढे उडव ना भाई" ही मागणी तीच. गॅरेजमधला मुलगा नाही म्हणू शकत नाही, कारण गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल. आपल्या कितीतरी घरांची चूल या हुन्नरावर पेटते. उस्तादाकडे पाना धरायला शिकलेल्या मुलाला धोक्याचं काम करायला लावणं ही त्याच्या विद्येची बेअदबी आहे, आणि अपघात झाला तर दोषही त्याच्याच माथी येतो.

खाली आणायचीच असेल तर रीत आहे. पुढे त्या मापाला बनवलेल्या, योग्य तितक्या कडक स्प्रिंगा घ्याव्यात. मागे कमानीच्या पाट्यांचा बाक कमी करून घ्यावा. शॉकअब्सॉर्बर तपासावेत, रबरी ठोकळ्यापर्यंत किती जागा उरली ती मोजावी, मग अलाइनमेंट करावी आणि दिव्यांचा झोत पुन्हा लावावा. विमा कंपनीलाही कळवावं. याला पैसे लागतात, वेळ लागतो.

मामेभावाची शेवटची तक्रार अशी की एका इंचाने गाडी खाली आल्याचं कुणाला दिसणारसुद्धा नाही. खरं आहे, दिसणार नाही. पण वळणावर स्टिअरिंग हातात असेल तेव्हा त्याला नक्की कळेल. पंचाचा निकाल मी त्याला कळवला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.