‘ओके’ नको, पुन्हा म्हणून दाखवा!

मुलांनो, मोंढ्यात फोनवर बोलणं चाललेलं ऐकलंय कधी? पलीकडून “साठ पोती पाठवा” असं आलं, की जाणता अडत्या लगेच विचारतो, “सहावर शून्य ना?” घाईत ‘सात’ आणि ‘साठ’ सारखेच ऐकू येतात. चूक झालीच, तर पोती कमीजास्त जातील. पण उदगीरच्या किल्ल्यावर उभं राहून वर पाहिलं, की कधी कधी पांढरी रेघ ओढत जाणारं विमान दिसतं ना? तिथे असा घोटाळा झाला तर?

म्हणूनच वैमानिकाला रेडिओवर बोलण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते, तोंडीसुद्धा. आधी ऐकायचं, मग बटण दाबायचं. एका वाहिनीवर एका वेळी एकानंच बोलायचं. इंग्रजी ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ खरखरीत सारखे वाटतात, म्हणून नऊला ‘नाइनर’ म्हणायचं. अक्षरांनाही ठरलेली नावं आहेत. भारतीय विमानांच्या नोंदणीची सुरुवात ‘व्हीटी’नं होते, ती रेडिओवर ‘व्हिक्टर टँगो’ होते. आपलं उदगीर सांगायचं झालं तर ‘युनिफॉर्म, डेल्टा, गोल्फ, इंडिया, रोमिओ’! (सिनेमातलं ‘ओव्हर अँड आउट’ मात्र विसरा. ‘ओव्हर’ म्हणजे तुम्ही बोला, ‘आउट’ म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही एकदम कसं होईल?)

पण खरी गंमत ‘रीडबॅक’ची. नियंत्रकानं उंची सांगितली, की वैमानिकानं तोच आकडा आपल्या विमानाच्या नावासह पुन्हा म्हणायचा. नियंत्रक कान देऊन ऐकतो आणि चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करतो. नुसतं ‘रॉजर’ चालत नाही. ‘रॉजर’ म्हणजे तुमचं बोलणं ऐकलं, एवढंच.

२७ मार्च १९७७. अटलांटिक महासागरातलं टेनेरिफ बेट. विमानतळावर दाट धुकं. धावपट्टीच्या एका टोकाला केएलएमचं जंबो उभं होतं, आणि त्याच पट्टीवर पॅन ॲमचं दुसरं जंबो पुढे सरकत होतं. धुक्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नव्हते, मनोऱ्यालाही दिसत नव्हते. केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला गेला, उडायची परवानगी नव्हे. सहवैमानिकानं मार्ग पुन्हा म्हणून दाखवला आणि शेवटी जोडलं, “आम्ही आता टेक-ऑफवर आहोत.” मनोऱ्यातून “ओके” आलं. त्यापुढे “थांबा, मी बोलावतो” हेही आलं. पण त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिक “आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत” म्हणून सांगू लागला. दोन आवाज एकमेकांवर आदळले. केएलएमच्या कानी नीट पडलं ते फक्त “ओके”, बाकी कर्कश शिट्टी. विमान तर आधीच धावू लागलं होतं. त्या टकरीत ५८३ माणसं गेली.

त्यानंतर शब्द अधिक काटेकोर झाले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारतात. एरवी म्हणायचं ‘डिपार्चर’. आणि परवानगी मिळाली, की वैमानिक ती धावपट्टीच्या क्रमांकासह शब्दन् शब्द पुन्हा म्हणतो. मग चाकं हलतात.