आजोबांचे आजारपण आणि नातवाचा अर्ज

आमच्या बडोद्यातील कितीतरी जुन्या मराठी घरांची नातवंडे आज विलायतेत वाढत आहेत. त्यांतले एखादे डॉक्टर व्हावयाचे म्हणते, तेव्हा इकडच्या आजीआजोबांना नवल वाटते ते एका गोष्टीचे. आपल्याकडे 'नीट'च्या 720 गुणांवर सारा हिशेब असतो. तिकडे परीक्षांखेरीज स्वतःविषयीचे एक निवेदनही लिहावे लागते. 2026 च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केले आहेत: हाच विषय का, अभ्यासाने तयारी कशी झाली आणि अभ्यासाबाहेर काय केले. मोकळ्या जागा धरून सारे 4000 अक्षरचिन्हांत बसवावयाचे.

आता हे निवेदन फोनवरून इकडे येते. काका एक वाक्य घालतात, आत्या दुसरे, उरलेले यंत्राकडून सजवून घेतात. ही हौस मला मुळीच मान्य नाही. तिकडच्या 'यूकास' या प्रवेशसंस्थेने ऑक्सफर्ड, केंब्रिज व वैद्यकीय शाखांचे हजारो अर्ज ताडून पाहिले आणि 2007 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लहानपणी रसायनांशी खेळताना पायजमा जाळून घेतलेले 234 उमेदवार निघाले, आणि 175 अर्जांत म्हातारे, आजारी आजोबा होते! एखाद्याचे आजोबा खरोखर आजारी असतीलही; पण उसन्या वाक्यात घातलेले आजारपण कोणाचेच राहत नाही.

गाणे शिकविणाराला यात नवीन काही नाही. पाठ केलेल्या तानांवर मुलगा टाळ्या घेतो. पण "आता हाच राग सावकाश मांड" म्हटले की गडबडतो. तिकडे बहुतेक वैद्यकीय विद्यालयांत मुलाखत असते. "वृद्धाश्रमात काय पाहिलेस?" असे विचारल्यावर काकांचा सेवाभाव कामास येत नाही. म्हाताऱ्या बाईला भरविताना घास किती लहान करावा लागला, कमी ऐकणाऱ्याशी बोलताना समोर का बसावे लागले, एवढे त्याने साधेपणाने लिहिले तरी 'मानवतेची सेवा' या शब्दांहून ते अधिक सांगून जाते.

वडीलधाऱ्यांनी शुद्धलेखन जरूर तपासावे. पण मुलाचे वाक्य खोडून आपले घालताना आपण त्याला हेच सांगत असतो की, तुझे पाहणे पुरेसे नाही. उद्या रोग्याच्या खाटेशी तो एकटाच उभा राहणार आहे. तेथे त्याला स्वतःच्याच डोळ्यांनी पाहावे लागेल.